चिठ्ठीवरचा विंचू

"हा विंचू तं माह्या हातचा हाय!" गोंदणारी बुढी ओरडली आणि तिनं ती चिठ्ठी वर धरून सगळ्या बाजाराला दाखवली.

बुधवारचा बाजार होता, भर दुपार. मी मिठाच्या ढिगापुढं बसले होते. माझ्यापासून पाच हातांवर एक तरुण बाई उभी होती, कडेवर वर्षाची पोर घेऊन. तिची सासू बाजूलाच मोहफुलांची टोपली पुढं ठेवून बसली होती. सासूनं तंबाखू मागितली. सुनेनं कनवटीची गाठ सोडली, तंबाखू काढली, आणि तंबाखूबरोबर जाड तपकिरी कागदाचा तुकडा खाली पडला. तिला कळलं नाही. गोंदणारी तिथंच मोहाच्या झाडाखाली सुया मांडून बसलेली. तिनं तो उचलला. तिला अक्षर येत नव्हतं, आणि कागदावर अक्षर नव्हतंच. होतं ते चित्र.

"पाहा ना वो, शेपटी कशी डाव्या अंगाले वाकली हाय. मी गोंदत होती तवा पोट्टीनं हात झटकला न सुई सरकली. शेपटीवर पाच ठिपके, खाली मोराचा पाय. नाल्यापलीकडच्या गावची सून हाय हे. कोनं काढला गा एवढा सुरेख?"

तिला आपल्या कामाचा अभिमान वाटत होता. वाईट तिच्या मनात काहीच नव्हतं.

तेवढ्यात त्याच गावचा एक माणूस पुढं झाला. कागद हातात न घेता मान वाकडी करून त्यानं पाहिला. "थांब वो बुढी. हे तं गुरुवारची चिठ्ठी हाय."

"कोनता गुरुवार?"

"रगतपितीच्या दवाखान्याचा. तिथी रांगेत सगळ्याईच्या हातात असाच कागद रायते."

बुढीनं कागद टाकून दिला आणि हात मातीत घासले. त्या बाईच्या भोवती जागा रिकामी होत गेली. मीठवाल्यानं माझ्यासाठी भरलेला पुडा तसाच हातात धरून ठेवला. कोणी तरी म्हणालं, "पोट्टी घ्या तिच्याजवळून." मग चार-पाच जण म्हणाले, "घ्या, पोट्टी घ्या." पण पुढं कोणी होईना, कारण पोर घ्यायची तर तिला हात लावावा लागला असता. तिचा नवरा तिथंच होता. तो आपल्या पायांकडं बघत उभा राहिला.

तो विंचू मी काढला होता.

तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता. सगळा चांदा जिल्हा. आमचं गाव जंगलाच्या तोंडाशी. अलीकडं धानाची शेतं, पलीकडं बांबू आणि साग. मी एकोणीस वर्षांची होते आणि चौथी पास. लग्न झालं होतं, नवरा तापानं गेला, मी माहेरी परत आले. गावात सरकारी दवाखान्याच्या दोन खोल्या होत्या. तिथं दर गुरुवारी महारोगाच्या गोळ्या देणं नव्यानं सुरू झालं होतं. डॉक्टर नागपूरकडचे, तरुण, काडीसारखे. त्यांना लिहिता येणारी बाई हवी होती, कारण बाया पुरुषापुढं अंगावरचा चट्टा उघडा करत नव्हत्या. बाप म्हणाला, असल्या रोगाच्या जागी पोरगी पाठवायची नाही. आई म्हणाली, "मंग काय जलमभर गोवऱ्या थापायले ठेवता तिले?" दुसऱ्या गुरुवारी मी कामावर गेले.

काम अवघड नव्हतं. बाईचे डोळे मिटायला लावायचे आणि चट्ट्यावर आधी पीस, मग टाचणी टेकवायची. तिला कळलं तर बरं. नाही कळलं तर वहीत खूण करायची. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "इथं कोण येतं ते आईलासुद्धा सांगायचं नाही." मी नाही सांगितलं. आईनं तीनदा विचारलं आणि मग चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

अडचण चिठ्ठीची होती. वरून छापील चिठ्ठ्या आल्या होत्या, पिवळ्या. वर जाड अक्षरात 'महारोग', खाली नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, जात, गाव, आणि गोल शिक्का. गावात वाचणारे तिघे: मास्तर, कोतवाल आणि जंगलातला गार्ड. तिघांपैकी एकाच्या हाती चिठ्ठी लागली की संपलं. म्हणून बाया ती वाटेत नाल्यात नाही तर घरी पोचताच चुलीत घालायच्या आणि पुढच्या वेळी रिकाम्या हातानं यायच्या.

मग ओळख पटवायची कशी? नावावरून पटत नव्हती. एकेका गावात एकाच नावाच्या सात-सात बाया. नवऱ्याचं नाव कोणी तोंडानं घेत नव्हती. एकीला विचारलं की तिनं शेजारणीला कोपर मारायचं आणि शेजारणीनं सांगायचं, आणि शेजारीण थट्टेखोर असली तर भलतंच सांगायची. वहीत एका बाईच्या नवऱ्याचं नाव आम्ही कित्येक गुरुवार तिच्या बैलाचं लिहून ठेवलं होतं.

हसण्यावारी नेलं असतं, पण गोळीचं तसं नव्हतं. आधी थोडी द्यायची, सोसेल तशी वाढवायची. एक माणूस आपल्या भावाच्या जागी रांगेत उभा राहिला, भावाचं नाव सांगून भावाची भरपूर गोळी घेऊन गेला आणि स्वतः खाल्ली. त्यालाही रोग होता, पण त्यानं कधी अंग दाखवलं नव्हतं. त्याच्या अंगावर गाठी उठल्या, ताप असा चढला की तो खाटेवरून खाली पडायचा. डॉक्टर चार दिवस त्याच्याजवळ बसले. तो वाचला. पाचव्या दिवशी डॉक्टर दवाखान्यात येऊन म्हणाले, "गोळी ज्याची त्यालाच गेली पाहिजे. आणि तो कोण, हे चिठ्ठीवरून दुसऱ्या कोणाला कळता कामा नये."

कंपाउंडर मूळचा चांद्याचा, पान खाऊन बोलणारा. तो म्हणाला, "साहेब, मंग कोरीच चिठ्ठी देऊन टाका ना."

"कोरी चिठ्ठी कोणाचीही होईल."

"आन नाव घातलं का सगळ्या गावाची होते. मोठी मुश्कील हाय ना जी."

तेव्हा मी तोंड उघडलं. म्हटलं, नाव नको, गोंदण काढू. प्रत्येक बाईच्या हातावर गोंदण असतंच, आणि एकीसारखं दुसरीचं नसतं. चिठ्ठीवर हातावरचं चित्र काढायचं. आली की चिठ्ठी हाताशी धरायची. पुरुषांचं गोंदण नसलं तर अंगावरची खूण काढायची. कुणाला कुऱ्हाडीचा वण असतो, कुणाला अस्वलाच्या नखाचा.

डॉक्टर एवढे खूश झाले की जेवणाचा डबा उघडायचं विसरले. म्हणाले, "मास्तर आणि कोतवालाला चित्रावरून काय कळणार?" औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून आम्ही चिठ्ठ्या केल्या. मी दौतीत टाक बुडवून चित्रं काढत बसायची. मला बरं काढता येत होतं. विंचू, तुळस, मोराचा पाय, ठिपक्यांच्या ओळी. जसं हातावर तसं कागदावर, वाकडं असेल तर वाकडं. बाया बघून हसायच्या. "अवो, हे तं माहाच हात हाय!" मला फार मोठं काही केल्यासारखं वाटत होतं.

तिथंच आम्हाला कळायला हवं होतं. डॉक्टर शहरातले, त्यांचं सोडा. माझ्या स्वतःच्या दोन्ही हातांवर गोंदण होतं. आमच्या भागात बायका पाण्यावर, धानाच्या रोवणीत, बाजारात एकमेकींचे हातच तर बघत असतात. डोक्यावरून पदर ओढलेली बाईसुद्धा हातावरून ओळखू येते. कोणाचं गोंदण कोणी केलं, कोणती रडली, कोणाच्या माहेरानं अर्धंच करवलं, हे सगळं सगळ्यांना ठाऊक. अक्षर तिघांना वाचता येत होतं आणि गोंदण सगळ्यांना. आम्ही तिघांपासून लपवायला गेलो आणि बाकी मुलखाला वाचून दाखवलं.

पुढं मी दुसरं लग्न केलं; त्या घरातली नातसून मागच्या वर्षी मला नव्या ओळखपत्रासाठी घेऊन गेली होती. मशीनवर दहाही बोटं दाबून झाली, ठसा काही उमटेना. बोटं झिजली माझी. मशीनवाली म्हणाली, "आजी, तुमची ओळख पटून नाही राह्यली." मी म्हटलं, "मले पटते. तुयं तू पाय." ती हसली नाही. तिची चूक नव्हती. ओळख पटवण्याचं काम हसण्याचं नाहीच, ते मी एकोणिसाव्या वर्षी शिकले.

आता त्या दोघींचं सांगते.

आधी सासू आली होती. नाल्यापलीकडचं ते जंगलातलं गाव. आपसात गोंडीत बोलायचे, आमच्याशी आमच्यासारखं. नवरा मेलेला, एक मुलगा, सून, नात. पाठीवर चट्टा होता. टाचणी टोचली तरी म्हणते, "लाव ना लवकर, काय गोंजारून राह्यली." मी म्हटलं, लावून झाली. तेव्हा तिनं पदर ओढून घेतला. मग म्हणाली, "माह्या सुनेले समजलं नाई पायजे. समजलं तं पोट्टी माह्याजवळ देनार नाई." चिठ्ठी तिनं घेतलीच नाही. "मले ओळखत नाई का तू? माह्यासारखं थोबाड दुसऱ्या कोनाचं हाय का?" खरंच नव्हतं. तिला चिठ्ठीवाचूनच गोळ्या मिळायच्या.

दोन महिन्यांनी सून आली. पोरीच्या खोकल्याचं औषध घ्यायच्या निमित्तानं. चट्टा गुडघ्याच्या वर होता. टाचणी लागली नाही तेव्हा ती रडली नाही, पोरीला घट्ट धरलं फक्त. "बाई, सासूले नका सांगू. मले घरातून काढते न पोट्टी ठेवून घेते."

म्हणजे एकाच घरात, एकाच चुलीवर, दोघींना एकच रोग आणि एकीला दुसरीची भीती. कारणही एकच, ती पोर. आणि मला दोघींचं माहीत. सासूला सांगितलं असतं तर सुनेशी बेइमानी, सुनेला सांगितलं असतं तर सासूशी. मी एवढंच केलं की सासूला पहिला आणि तिसरा गुरुवार दिला, सुनेला दुसरा आणि चौथा. एकदा सासू वार चुकून भलत्याच गुरुवारी आली. मी खिडकीतून बघते तर मागं पाऊलवाटेवर सून. मी कंपाउंडरला खूण केली. तो धावत गेला आणि सुनेला म्हणाला, "आज इंजिशनचा दिवस हाय बाई, एवढी मोठी सुई हाय." ती पोर घेऊन आल्या पावली परत गेली. सासू आत मला विचारत होती, "कोन होतं वो?" मी म्हटलं, "बकरी."

असं आठ महिने चाललं. आणि मग तो बाजार.

पोर घ्या, पोर घ्या, असं चाललं होतं. पोरीनं भोकाड पसरलं होतं. एका माणसानं ढेकूळ उचललं. मारायचं म्हणून नसेल, हातात काही तरी असावं म्हणून. पण उचललं.

तेव्हा सासू उठली. टोपलीवर फडकं टाकलं, मोहफुलं सांडू नयेत म्हणून. मग पुढं आली, खाली पडलेली चिठ्ठी उचलली.

"कायचा कल्ला लावला? चिठ्ठी माही हाय."

गर्दी जरा थांबली. त्या दोघींच्या गावचा पाटीलही बाजारात होता. तो म्हणाला, "तुही कशी? हात तं सुनेचा हाय. बुढीनं आत्ता वळखला ना."

"मंग? एवढं ढोपर घेऊन बाजाराले येतो तेच लय, अजून गोळ्या आनाले येव का? सूनच आनते. जो न्यायले जाते त्याचा हात काढते ते दवाखान्यातली बाई. रोग मले हाय. पाहाचा हाय का? सगळ्याईले दाखवू का पाठ?"

कोणाला बघायचं नव्हतं.

"खोटं बोलून राह्यली बुढी," ढेकूळवाला म्हणाला. "सुनेले वाचवून राह्यली."

"खोटं? ते काय बसली तिथी दवाखान्यातली बाई, मीठ घेऊन. इचार तिले."

सगळा बाजार माझ्याकडं वळला.

मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. काही बोलायचं नव्हतं. आईलासुद्धा नाही, मग बाजाराला कसं? पण मी गप्प बसले असते तर ढेकूळवाल्याचं खरं ठरलं असतं. हो म्हटलं तर म्हातारीचा रोग मी माझ्या तोंडानं गावाला सांगितल्यासारखं. नाही म्हटलं तर सून गेली. म्हातारी माझ्याकडं बघत होती. विनवणी वगैरे नव्हती त्या नजरेत. उशीर काय करून राह्यली, असं बघत होती.

मी म्हटलं, "हो. गोळ्या सासूच्या हायेत."

पाटलानं मान हलवली. पोर सुनेच्या कडेवरच राहिली.

त्याच संध्याकाळी पंचांनी ठरवलं. सासूनं गावात राहायचं नाही, विहिरीवर यायचं नाही. गावाबाहेर शेताच्या टोकाला रानडुकरं हाकायची झोपडी होती, तिथं राहायचं. ती विळा, मडकं आणि एक कोंबडी घेऊन गेली. मुलगा खाट घेऊन मागं मागं गेला.

गुरुवारी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. दिलेला शब्द मोडला तेही सांगितलं. त्यांनी हातातली टाचणी खाली ठेवली. मग विचारलं, "तू खरं सांगितलंस की खोटं?"

"दोन्ही."

"चिठ्ठ्या परत घ्या," ते म्हणाले. "सगळ्या. आजपासून."

मी, डॉक्टर आणि कंपाउंडर गावोगाव फिरलो. एका गावी तर एक बाई चिठ्ठी द्यायला तयार होईना, तिला चित्र आवडलं होतं. सगळ्या चिठ्ठ्या आम्ही सुया उकळायच्या शेगडीत घातल्या. माझा हात चांगला असल्याचं त्या दिवसानंतर मी कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी सासूच्या गोळ्या घेऊन झोपडीवर गेले. सून आधीच तिथं होती, पेज घेऊन आलेली. पोर चिखलात बसून कोंबडीशी बोलत होती. सून रडत होती.

"माय, चिठ्ठी माहीच होती. रोग मले हाय. तुम्ही काऊन आपल्यावर घेतलं?"

"रडू नको. पेज खारी होते."

"मी पाटलाले सांगतो. तुम्ही घरी चाला."

"चूप बस. रोग मलेबी हाय."

म्हातारीनं पाठ फिरवली आणि पदर बाजूला केला. "पाय. न आता झाक, वारा लागते."

"कवापासून?"

"तुह्या आधीपासून. तुले माह्याकडूनच लागला असन."

सुनेनं पदर नीट करून दिला. मग म्हणाली, "मले वाटे, तुम्हाले समजन तं पोट्टी ठेवून घ्यान न मले हाकलून द्यान."

"न मले वाटे, तुले समजन तं तू पोट्टी माह्याजवळ देनार नाई. घे. दोघीबी शहाण्या." मग ती माझ्याकडं वळली. "न तुले मालूम होतं?"

"हो."

"माहं?"

"हो."

"इचंबी?"

"हो."

"आन ते बकरी?"

"ते हेच होती."

म्हातारी एवढी हसली की तिला ठसका लागला. सुनेला बकरीचं काही कळेना, ते तिला सांगावं लागलं. तीही हसली, डोळे तसेच ओले. मग म्हातारी मला म्हणाली, "मोठी पक्की हायेस. तुह्या पोटात तं मेलेलं मानूसबी मावन."

मी तिला विचारलं की बाजारात तिला सुनेचा रोग आधीपासून माहीत होता का. म्हणाली, "कुठचं? मलेबी तवाच समजलं, सगळ्याईसंग."

"मग एवढ्या लवकर कसं सुचलं?"

"पोट्टी रडून राह्यली होती ना."

याहून जास्त तिनं त्याबद्दल कधी सांगितलं नाही.

चिठ्ठ्या जाळल्याचं मी तिला सांगितलं, आणि आता ओळख कशी पटवायची ते डॉक्टरांना सुचत नाही तेही. ती त्या वेळी बसून टोपली विणत होती. तिनं बाजूचा वीतभर बांबू उचलला, विळा मध्ये घातला आणि कापायच्या ऐवजी पिरगाळून फाडला. दोन तुकडे झाले, कडा दातेरी. एक आपल्या कनवटीला खोचला, दुसरा माझ्या हातात दिला.

"हा तुमच्याजवळ. माहा माह्याजवळ. मी आली का जोडून पाहाचा. दुसऱ्या कोनाचा जोडला तं मले सांग."

मी तो डॉक्टरांना नेऊन दिला. डॉक्टरांनी तो हातात फिरवून फिरवून पाहिला. मग तीस बांबू आणवले, तसेच फाडले, सगळे तुकडे एकत्र कालवले आणि कंपाउंडरला जोड्या लावायला बसवलं. सकाळचा बसलेला कंपाउंडर दुपारी घामाघूम होऊन उठला. "साहेब, एकबी दुसऱ्याशी जमत नाई. ज्याचा त्यालेच जमते. आता मले जेवू द्या."

तसंच सुरू केलं. अर्धा तुकडा रोग्याजवळ. जंगलात कोणाच्या कनवटीला बांबूची काडी नसते? दात कोरायला असते, तंबाखूची नळी असते. कोणी विचारत नाही. दुसरा अर्धा आमच्याकडं, त्यावर नंबर कोरलेला. नंबराची वही पेटीत. गोंदणाची चित्रंही मी पुन्हा काढली, पण ती वहीत, पेटीतून बाहेर न जाणारी. पेटीला कुलूप आणि किल्ली माझ्या गळ्यात. काडी जुळली तरी हात वहीशी ताडून पाहायचा, म्हणजे भावाची काडी घेऊन भाऊ आला तर पकडला जाई. बाहेर फिरणाऱ्या वस्तूवर काहीच नाही, आणि सगळं आहे ते कुलपात. एवढीच ती युक्ती.

ती काही फार पक्की नव्हती. एका म्हाताऱ्यानं आपली काडी चूल पेटवायला घातली. पावसाळ्यात आमच्या पेटीतल्या काड्यांना भुंगा लागला, मग त्या धुरावर धरून वाळवाव्या लागल्या. एकदा वरचे एक साहेब तपासणीला आले, पेटी उघडून म्हणाले, "हे सरपण इथं काय करतंय?" डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं. साहेब म्हणाले, हे नियमात बसत नाही, आणि पुन्हा छापील चिठ्ठ्या पाठवल्या. या वेळी 'महारोग' जरा बारीक अक्षरात होतं. त्या आम्ही नावं घालून, शिक्के मारून, पेटीतच ठेवल्या. साहेबांना हव्या तेव्हा दाखवायला. रोग्यांजवळ काड्याच राहिल्या.

सासू झोपडीत तीन पावसाळे राहिली. सून रोज पेज घेऊन जायची. गाव म्हणायचं, केवढी गुणी सून, आणि सासूला एवढा मोठा रोग. सुनेच्या गोळ्या सासूच्या गोळ्यांबरोबरच जायच्या, मी स्वतः घेऊन जायची. सासू म्हणायची, "हे तुह्या, हे माह्या. माह्या जास्त हायेत, हात लावू नको." पोर आजीजवळ रोज असायची. तिला मी दर महिन्याला डोळे मिटायला लावून पीस आणि टाचणी टेकवून बघायची. ती दर वेळी टाचणी टोचायच्या आधीच ओरडायची. तिला कधीच काही निघालं नाही.

चट्ट्याला टाचणी कळू लागली तेव्हा डॉक्टरांनी सासूला बरी झाल्याचा कागद लिहून दिला आणि पाटलाला वाचून दाखवायला स्वतः जायला निघाले. म्हातारी म्हणाली, तुम्ही नका येऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी ती विळा, मडकं आणि तीन कोंबड्या घेऊन गावात शिरली, आपल्या दारात बसली आणि तूर निवडायला लागली. पाटील येऊन समोर उभा राहिला. तिनं विचारलं, "काय पाहून राह्यला? पानी पाहिजे का?" तो म्हणाला, दे. तिनं दिलं. तो प्याला. कागद तिनं दाखवला नाही आणि त्यानं मागितलाही नाही.

सुनेचा रोग आणखी वर्षभरानं गेला. तो होता हे आजवर तिच्या गावात कोणाला माहीत नव्हतं. हे लिहायच्या आधी मी तिच्याकडं जाऊन विचारलं, लिहू का. ती म्हणाली, "लिही. माह्या सासूचं चांगलं लिही. नाव नको घालू."

सासू गावात परतल्यावर अठरा वर्षं जगली आणि म्हातारपणानं गेली. तिचा मुलगा गेला. डॉक्टर गेले, कंपाउंडर गेला, गोंदणारी तर कधीचीच गेली. त्या बुधवारी जिच्यासाठी गर्दी ओरडत होती ती पोर आता आजी आहे. तिची आई आहे आणि मी आहे. बाकी कोणी राहिलं नाही.